तिसरा ठोका

सकाळी नऊला व्हिस्कीच्या कारखान्याचे फाटक उघडले आणि सव्वानऊला दादा व मी गोदामात होतो. इथे पिंपे बांधायचे काम करणाऱ्या बाबांनी मरणापूर्वी बांधलेले शेवटचे लाकडी पिंप बारा वर्षांनी आज उघडणार होते. पहिला घोट आमचा होता; माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“बाबांनी आधी लाकूडच चाटलं असतं,” दादा हसला.

कारखान्याच्या गाईडने हातोडी दिली. “ताई, बुचाच्या दोन्ही बाजूंना ठोका. ते सैल होतं.”

मी दोनदा ठोकले. आतून दोन ठोके आले. मग जरा थांबून तिसरा, हलका.

“भरलेलं पिंप असं वाजत नाही,” गाईड पुटपुटला.

दादाने माझा दंड घट्ट धरला. कामावरून परतल्यावर बाबा दार असेच वाजवीत. आई कधी “कोण?” म्हणून विचारीत नसे.

मीही विचारले नाही. बूच काढले.