बोलका कोड

“सर, शाळेत रेंजच न्हाई, मग हे कोड बोलणार कसे?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात विचारलं. आमची शाळा डिजिटल झाली होती, म्हणजे भिंतीवर पहिलीच्या लेकरांसाठी क्यूआर कोड चिकटले होते. मोबाईल धरला की कविता ऐकू येणार, आणि ते बघायला उद्या औंढ्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार!

सर म्हणाले, “सवाल बराबर हाय, ऋतुजा. तुझा आवाज लई मोठा हाय ना? मग उद्या खिडकीमागं बसून तूच म्हण कविता.”

या आवाजापायी घरी रोज बोलणी खाते मी. आई म्हणते, “पोरीच्या जातीनं हळू बोलावं.” पण दुसऱ्या दिवशी लेकरू कोडला सरांचा मोबाईल लावायचं आणि मी खिडकीमागून खणखणीत सुरू व्हायची. लेकरंही मागोमाग म्हणायला लागली. साहेब खूश! “वा! तंत्रज्ञानानं आवाज किती स्पष्ट येतो!”

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं.



“आई, पप्पा, मी आता हळू बोलणार न्हाई. मी मास्तरीण होणार. माझ्या आवाजाला रेंज लागत न्हाई.”