मालिनीबाईंची बंडी

लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी दिनकररावांनी बायकोची बंडी स्वतःच्याच अंगात चढवली. ही बंडी रोज दहा मिनिटांत छातीचं चित्र काढून हॉस्पिटलला धाडी. कुठे डाग दिसला, की ताप चढायच्या आत दारात ॲम्ब्युलन्स उभी राही. रक्ताच्या कॅन्सरमध्ये साधा जंतूही जिवावर बेततो, म्हणून एवढी घाई करावीच लागते. पण "आज नका हो मला नेऊ देऊ," असं मालिनीबाई म्हणाल्या आणि ते विरघळले.

पाहुण्यांना मात्र त्यांनी दारातच अडवून मास्क लावायला लावले. व्याह्यांनाही सोडलं नाही.

पेढे फिरत असतानाच ॲम्ब्युलन्स आली. सिस्टर मालिनीबाईंपाशी गेली आणि हातातलं चित्र बघून थबकली.

"ही छाती यांची नाही. यांच्या गळ्याखाली औषधाची डबी बसवलीय, ती यात दिसतच नाही. बंडी कुणी घातली होती?"

"मी," दिनकरराव खालमानेने म्हणाले.

"काका, डाग मोठा आहे. टीबी असावा. खोकला कधीपासून?"

"तीन आठवडे."

तो त्यांनी न्हाणीघरात नळ सोडून लपवला होता. कळलं असतं तर बायकोच्या खोलीत त्यांना कुणी जाऊ दिलं नसतं. आणि मास्क? घरच्या माणसाला कसला मास्क!

व्याह्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"चूक माझीच," मालिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "हट्ट मी केला. या, बसा इथे."

दिनकररावांनी नव्या उपरण्याने तोंड दाबलं आणि ते मागे सरकत सरकत अंगणात गेले.