सफरचंदाचा रस

नवं स्टेडियम दाखवायला नागेश सासऱ्यांना म्युनिकला घेऊन गेला, तर नेमकी त्या दिवशी संकष्टी निघाली. उपवासाला बटाटा चालतो म्हणून त्याने त्यांना फ्राइज घेऊन दिल्या आणि स्वतःसाठी हळूच जवळच्या गावातल्या ब्रुअरीची बिअर आणली.

"हे काय घेतलंत?" सासऱ्यांनी कपाकडे बघत विचारलं.

"सफरचंदाचा रस, बाबा," नागेशच्या तोंडून निघून गेलं.

"मग मलाही आणा की. उपवासाला चालतो."

नागेश धावत गेला आणि खरोखरचा रस घेऊन आला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, मग जावयाच्या मिशीला लागलेला फेस निरखून पाहिला.



"जावईबापू, इथे चंद्रोदय किती वाजता होतो? उपवास सुटला की तुमच्या कपातला रस घेईन म्हणतो."