मुद्दाम हरल्याची तक्रार

स्वतःच्याच नियमाप्रमाणे मधली एक चाल सोडून रविवारी सकाळी गोपाळकृष्णांनी पुन्हा ब्लिट्झ लावला. म्हणजे बचावाचे जवळजवळ सगळे गडी चेंडू फेकणाऱ्याच्या अंगावर एकदम सोडले. मागचं मैदान रिकामं.

ऑनलाइन अमेरिकन फुटबॉलच्या एका लीगमध्ये त्यांच्यासमोर ‘शंभू’ खेळत होता. शंभू म्हणजे वारज्याच्या फ्लॅटमध्ये बसलेली त्यांची मुलगी, कादंबरी. हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिचा माईक कायम बंद असे.

रिकाम्या मैदानात तिचा एक गडी एकटाच पळत होता. तो तिला दिसला. तिने चेंडू फेकला नाही. सामना बाबांनी जिंकला.

हरले की ते न बोलता निघून जात. जिंकले की समोरच्याला त्याची चूक अर्धा तास समजावत. मुलीशी फोनवर मात्र “गोळ्या घेतल्या?” “घेतल्या.” एवढंच.

“अहो शंभूराव,” हेडफोनमध्ये बाबा म्हणाले, “आपला गडी मागे मोकळा होता. चेंडू घ्यायला त्याला आमंत्रणपत्रिका लागते का?”

“दिसला नाही, काका,” तिने टाइप केलं.

“गेल्या रविवारीही दिसला नव्हता. आमची कन्या असती तर चेंडू फेकून वर वादही घातला असता.”

मग ते बोलत राहिले. ब्लिट्झ कधी लावावा, कधी नुसता लावल्यासारखं करावं, आणि तो सलग दोनदा लावणं म्हणजे खेळ नव्हे, दांडगाई कशी. कादंबरी मटार सोलत ऐकत होती.

सोमवारी पहाटे झोपेतच ते गेले.

पंधरवड्यानंतर लीग चालवणाऱ्या राजसने शंभूला ऑनलाइन बोलावलं. तो हिंजवडीच्या ऑफिसातून बोलत होता.

“काकांचं कळलं ना? त्यांच्या घरच्यांनी ग्रुपवर टाकलं होतं. सॅड यार. एक फॉर्मॅलिटी राहिलीय. शेवटच्या मॅचनंतर त्यांनी तुझ्यावर कम्प्लेंट केली होती, मुद्दाम हरतोस म्हणून. फेअर प्लेमध्ये ते चालत नाही ना. मी क्लोज करतो, टेन्शन नको घेऊ. वय झालं होतं. जिंकून कोण भांडतं?”

कादंबरीने दोन शब्द टाइप केले, खोडले. मग माईक सुरू केला.

“बंद करू नका. तक्रार बरोबर आहे.”

राजसने विचारलं, “सॉरी... तुम्ही कोण?”

“शंभू मीच. कादंबरी. त्यांची मुलगी.”

पलीकडे कुणीतरी राजसला जेवायला हाक मारत होतं.

“ते जिंकले की बोलायचे,” ती म्हणाली. “बाबा बोलत राहावेत, एवढंच मला हवं होतं.”