डावी बाजू

उस्तादांनी पाय पुढे केला आणि त्यांच्या लेकीने बुटाची नाडी बांधायला घेतली. यंत्रांशी लढताना त्यांचा डावा हात खांद्यापासून गेला, तेव्हापासून ही सगळी कामं तिच्याकडे आली होती. नाडी बांधायची, जखमा शिवायच्या, शर्टाची रिकामी बाही दुमडून टाचणी लावायची.

उद्ध्वस्त शहराखालच्या वाहनतळात चारशे माणसं राहत होती, एकेका खांबाला एकेक कुटुंब. कोपऱ्यातल्या खांबापाशी पडदे लावून लेकीने दवाखाना थाटला होता. लोक तिला औषधवाली म्हणत. वर रस्त्यांवर यंत्रं फिरत. त्यांच्यापुढे बंदुकीचं काही चालत नसे. चालायचा तो तळहातातून निघणारा जाळ, आणि तो काढू शकणारी माणसं आता दोनच उरली होती. एक उस्ताद. दुसरी त्यांची शिष्या, अठरा वर्षांची, कुठल्याशा ढिगाऱ्याखालून त्यांनीच उपसून आणलेली. तिचं नावही त्यांनीच ठेवलं होतं. ठिणगी.

“एक काम कर,” उस्ताद म्हणाले. “ठिणगीच्या चहात झोपेचे थेंब टाक.”

औषधवालीची बोटं नाडीवरच थांबली. “का?”

“यंत्रं पुलापलीकडे जमलीत. आजच इकडे येणार. मी त्यांना पुलावरच गाठतो.”

“एकटे?”

“तिची अजून तयारी नाही. पण ती ऐकायची नाही. माझ्या मागे येईल आणि फुकट मरेल.”

“आणि मी मागे आले तर?”

उस्तादांना हसू आलं. “तू कशाला येशील?”

त्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. म्हणूनच ते तिला जास्त लागलं. लहानपणी एकदा तिने तळहात पुढे करून विचारलं होतं, बाबा, माझ्यात आहे का हो जाळ? बघू कधीतरी, असं ते म्हणाले होते. मग ठिणगी आली, आणि ते कधीतरी राहूनच गेलं.

तिने नाडीला गाठ मारली. उस्ताद उठले, पडद्यापाशी गेले आणि वळले. ती वर बघत राहिली.

“तिला सांग, डावी बाजू उघडी टाकते. माझं बघून शिकली ना, डावा हात कमरेला चिकटवून लढते. म्हणावं, तुला दोन हात आहेत.”

एवढं बोलून ते गेले. चढणीवरची त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ती जमिनीवर तशीच बसून होती.

चहात थेंब टाकताना तिचा हात थबकला. नाहीच टाकले तर? ठिणगी धावत सुटेल. मरेल. म्हणजे शेवटी पुलावर दोघं शेजारी शेजारी पडणार. बाबांच्या शेजारी मरणंही ठिणगीलाच मिळणार.

औषधवालीने मोजून बारा थेंब टाकले.

“ताई, तू चहा आणलास? माझ्यासाठी?” ठिणगीने डोळे मोठे केले. “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.”

“पी गुमान.”

दुपारी छतातून धूळ गळू लागली. मुलं खांबांना बिलगून बसली. मग हादरे थांबले, आणि तिन्हीसांजेला चार माणसं एका मोडक्या दारावर निजवून उस्तादांचा देह घेऊन आली. यंत्रं मागे हटली होती. किती दिवसांसाठी, ते कोणी विचारलं नाही.

गलक्याने ठिणगीला जाग आली. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की सगळं वाहनतळ तिच्याभोवती गोळा झालं. ती उस्तादांच्या छातीवरून डोकं उचलेना. म्हाताऱ्या तिची पाठ चोळत होत्या. “पोरकी झाली गं पोर,” एक म्हणाली.

मग त्याच म्हातारीने मान वळवली. “औषधवाले, पाणी आण गं तिला. घसा सुकला असेल लेकराचा.”

औषधवालीने पाणी आणून दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी ठिणगी रिकाम्या बाजूच्या भिंतीशी उभी होती. उजव्या तळहातातून जाळ फेकत होती, भिंत काळी करत होती. डावा हात कमरेला चिकटलेला. औषधवाली पडद्याआडून बघत राहिली. तीन दिवस तिने ते वाक्य तोंडात धरून ठेवलं होतं. बाबा शेवटचं बोलले ते तेवढंच, आणि तेही दुसरीसाठी.

शेवटी तिने रोग्यांची एक कुबडी उचलली, जवळ गेली आणि ठिणगीच्या डाव्या बरगडीत ढोसली.

“आई गं! काय करतेस ताई?”

“इथे उघडी पडतेस.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“बाबा म्हणाले. जाताना. तिला सांग म्हणाले, तुला दोन हात आहेत.”

ठिणगी आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. तिने तो कमरेपासून सोडवला, पुढे धरला, मूठ उघडली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग तळव्यात जाळ पेटला, लहानसा, वाकडातिकडा. तिचे डोळे भरून आले.

“अजून काय म्हणाले, ताई?”

औषधवालीने कुबडी काखेत धरली.

“बाकीचं मला म्हणाले,” ती म्हणाली. “ते नाही सांगायची मी.”