हंसीणबाईचं गाणं

बाहुली नाचवताना बाहुलीकडे बघायचंच नाही, पायाशी ठेवलेल्या छोट्या टीव्हीत बघायचं, हा वॉशिंग्टनच्या त्या नावाजलेल्या बाहुली-मंडळीचा पक्का नियम होता. प्रेक्षकांना दिसतं तेच आपल्यालाही दिसायला हवं ना!

लोर्नाचा आज टीव्हीवरचा पहिलाच थेट कार्यक्रम. टेबलामागे गुडघ्यांवर बसून तिने हातात घातलेल्या हंसीणबाई या बाहुलीला डोक्यावर उंच धरलं होतं. रेकॉर्ड गात होती आणि हंसीणबाई चोच हलवत होती.

"हात खाली आला ना, तर उद्यापासून आपल्या कार्यक्रमाच्या पाच मिनिटांत साबणाच्या जाहिराती लागतील, बाईसाहेब," शेजारचा वेंडेल कुजबुजला.

दुसऱ्याच कडव्याला लोर्नाच्या खांद्यात असा काही पेटका आला की हात बाहुलीसकट धपकन मांडीत पडला. संपलं सगळं! तिने रडवेल्या डोळ्यांनी टीव्हीत पाहिलं.

हंसीणबाई गातच होती. एकही शब्द न चुकता.

"वा पोरी, काय हात आहे!" वेंडेल टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला.

गाणं संपलं. टीव्हीतल्या हंसीणबाईने मान वाकवली आणि टेबलामागे, थेट लोर्नाकडे पाहिलं.

मांडीतल्या बाहुलीच्या आत लोर्नाची बोटं कुणीतरी घट्ट धरली.