ढोल्याचा निरोप

“ढोल्या कुठे जाणार नसेल, तरच मी रडेन,” भिंगरी म्हणाली आणि हाताची घडी घालून दगडावर बसली.

शूटिंग खोळंबलं. सिनेमातला शेवटचा सीन होता. लहानगी नायिका आपल्या अजस्र दोस्ताला जंगलात सोडून, डोळे पुसत माघारी फिरते. दिग्दर्शिकेने कपाळाला हात लावला.

“काका, तुम्हीच काढा बाई हिची समजूत.”

काका म्हणजे ढोल्याला सांभाळणारा. सिनेमातली जनावरं सांभाळता सांभाळता त्याचे केस पिकले होते. घोड्यांनी त्याला लाथा घातल्या होत्या, एका बोकडाने तर चष्मा खाल्ला होता. ढोल्याइतकं गरीब कुणी मात्र त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. चावणं नाही, ओरडणं नाही. काकाचा हात असला, की सांगाल तितका वेळ मान वर.

त्याच्याशी सात वर्षांच्या पोरीचं कसं जमणार, याची सगळ्यांना धास्ती होती. भिंगरीने पहिल्याच दिवशी त्याला गाल लावला आणि शाळेतली सगळी गाऱ्हाणी सांगून टाकली. मग रोज ती आपलं अर्धं बिस्कीट त्याच्यापुढे धरी. तिची पाठ वळली की ते काका खाई.

“बाई, उद्यापासून याचं काय?” काकाने हळूच विचारलं.

“त्याचं काम संपलं की! पुढचं सगळं वरच्या मजल्यावरची मुलं बघतील. त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.”

इतकी जनावरं आली नि गेली, पण या दोघांची ताटातूट काकाला बघवेना. तो तडक भिंगरीच्या आईकडे गेला. ती सावलीत बसून फ्रॉकचं बटण लावत होती.

“ताई, ढोल्याला तुमच्या घरी ठेवाल?”

“अहो, कुठे ठेवू? दोन खोल्या, त्यात सासूबाई, माझं शिलाई मशीन.”

“दाराआड उभा राहील. तुमच्या ध्यानातसुद्धा येणार नाही.”

आईने लेकीकडे पाहिलं. भिंगरी ढोल्याला बिलगून त्याच्याशी काहीतरी कुजबुजत होती. आईला हसू आलं.

“उंची बरी आहे म्हणा. जळमटं तरी काढेल.”

काका तिथून जवळजवळ पळतच आला आणि भिंगरीच्या कानाला लागला. तिचा चेहरा असा काही फुलला, की दिग्दर्शिका घाबरलीच. पण कॅमेरा सुरू झाला आणि पोरगी ढोल्याला मिठी मारून इतकी हमसून रडली, की मेकअपवाल्या दादांनाही नाक पुसावं लागलं. पहिल्याच टेकमध्ये काम फत्ते.

काही महिन्यांनी थिएटरात सिनेमाचा पहिला खेळ लागला. भिंगरी नवा फ्रॉक घालून काका आणि आईच्या मधोमध बसायची होती, पण तिने काकाला एक खुर्ची पलीकडे सरकायला लावलं.

पडद्यावर झाडं हलली. घराएवढं उंच, सोनेरी केसांचं जनावर डुलत डुलत बाहेर आलं आणि त्याने आपलं भलंमोठं नाक पडद्यावरच्या भिंगरीच्या गालाला लावलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

भिंगरी मात्र डोळे बारीक करून बघत राहिली.

“काका, हा कोण?”

“अगं, ढोल्या. वरच्या मजल्यावरच्या मुलांनी कॉम्प्युटरवर काढलेला.”

“काहीतरीच! डोळे बघ ना त्याचे. माझ्या ढोल्याचे कुठे असे आहेत?”

आणि मधल्या खुर्चीला टेकवून ठेवलेली लांबलचक काठी तिने अलगद फिरवली, म्हणजे टोकावरच्या टेनिसच्या चेंडूला, तिनेच पेनाने काढलेल्या डोळ्यांनी, सिनेमा नीट दिसेल.